हरीण तोंड लावणार नाही अशी झाडे



गेल्या पावसाळ्यात कारखान्याच्या रोपवाटिकेतून नेलेल्या रोपांचे काय झाले, हे पाहण्यासाठी दिवाळीनंतर शेतकी खात्याची आम्ही मंडळी माळाकडच्या गावांतून फिरलो. वस्तीपुढची जास्वंद बुडख्यापर्यंत खाल्लेली, बांधावरच्या सुबाभळीचे नुसते दांडके उभे, शाळेच्या आवारातला शेवगा तर दिसेचना. जाऊ तिथे एकच बोलणे, "साहेब, रोपे चांगली होती, पण हरणांनी ठेवली नाहीत. आता हरीण खाणार नाही असं काहीतरी द्या." म्हणून हा लेख.

आपण ज्याला हरीण म्हणतो ते बहुतेक काळवीट, क्वचित चिंकारा. शेजारच्या कर्जत तालुक्यात काळविटांसाठी रेहेकुरीचे अभयारण्य १९८० साली झाले, पण त्याचे क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही. कळपाला हद्दीचा दगड कळत नाही. माळ नांगरले गेले, पाणी आले, ऊस आला. आता फाल्गुन-चैत्रात हिरवे दिसते ते आपल्याच रानात. तेव्हा हरणे येणारच, हे धरूनच झाडे निवडली पाहिजेत.

आधी नुकसान कोणाचे ते नीट ओळखा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते पाला खालच्या दातांत धरून हिसका देते, त्यामुळे शेंडा फाटल्यासारखा, चिंधी लोंबल्यासारखा दिसतो. ससा खातो तेव्हा चाकूने तिरका काप घेतल्यासारखी काडी तुटते. रानडुक्कर उसाचे बेटच उपटून कांडे चघळून टाकते. शेळीलाही वरचे पुढचे दात नाहीत, म्हणून तिची खूणही हरणासारखीच. खुरांचे माग आणि लेंड्या पाहिल्याशिवाय बोलू नये. पुष्कळदा हरणाच्या नावावर शेजाऱ्याचीच शेळी खपते!

आता हरीण एखादे झाड का खात नाही? कारणे थोडीच आहेत. उग्र वास, कडू चव, काटा, जून चिवट पान, आणि चीक किंवा विष. पहिली चार कारणे आपल्या कामाची. पाचव्याबद्दल मला स्वतःचा अनुभव सांगितला पाहिजे, कारण त्यात चूक माझी होती.

काही वर्षांपूर्वी एका गटात रस्त्याकडेच्या वस्त्यांना मी कण्हेर लावायला सांगितली. पाणी कमी लागते, बारमाही फूल, हरीण हुंगून पुढे जाते. सगळे खरे होते. दोन वर्षांनी एका सभासदाने कण्हेर छाटली आणि छाट गोठ्याशेजारी टाकली. घरात कोणाला कल्पना नाही. संध्याकाळी ती छाट उसाच्या वाढ्यांबरोबर कुट्टीत गेली. सकाळी दुभती गाय मेलेली. कण्हेरीचे विष हृदयावर काम करते, थोडा पालाही पुरतो, आणि पाला वाळला तरी विष जात नाही. हिरवी कण्हेर जनावर सहसा तोंडात घेत नाही, पण वाढ्यात मिसळून आली तर तिला कुठले कळणार? लावा म्हणून मी सांगितले, छाटणीचे सांगितले नाही. त्या माउलीने मला काही बोलून दाखवले नाही, चहाही दिला. तेव्हापासून माझ्या यादीत कण्हेर नाही. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टीही नाही. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी छाट खड्ड्यात पुरावी. गोठ्याकडे आणू नये, बंबातही घालू नये, कारण धूरही बाधतो.

याच न्यायाने मोगली एरंड शाळेच्या किंवा वस्तीच्या कडेला नको. जनावर खात नाही हे खरे, पण बी गोडसर लागते, मुले खातात आणि उलट्या-जुलाबाने दवाखान्यात जातात. शेराचे कुंपण दाट होते, मात्र चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. घाणेरी बांधावर आली की पुढे शेतकरी बांधाबाहेर, अशी ती पसरते, आणि गाईगुरांनी खाल्ली तर कावीळ होते. वेडी बाभूळ तर मुळीच लावू नका. तिचा पाला हरीण सोडते, पण पिकलेल्या शेंगा आवडीने खाते आणि लेंड्यांतून बी सगळ्या रानात पेरत जाते.

मग लावायचे काय?

वस्तीच्या अंगणाला आणि ओढ्याकाठच्या बांधाला माझी पहिली पसंती निरगुडी आणि अडुळसा. दोन्ही कांडीने येतात, आणि कांडी लावणे आपल्याला कोणी शिकवायला नको. उग्र वासामुळे आणि कडूपणामुळे शेळीसुद्धा सोडून देते, मग हरणाचे काय! छाट हिरवळीचे खत म्हणून सरीत दाबता येते. निरगुडीचा वाळला पाला धान्याच्या कणगीत, अडुळशाचा काढा खोकल्याला, हे घरातल्या जाणत्या बायांना माहीत आहे.

कोरड्या मुरमाड बांधाला सीताफळ. पाल्याला हरीण तोंड लावत नाही आणि चार पैसे फळाचे मिळतात. घायपातही माळाच्या बांधाला चांगला. पान चिवट, टोकाला सुई. दोन ओळी एकाआड एक लावल्या तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी भिंत होते. फक्त त्याची पिले दरवर्षी खणून काढावी लागतात, नाहीतर ती सरीत उतरतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हरीण झाड खात नाही म्हणजे ते झाड वाचले. त्यामागचा ऊस वाचला असे नव्हे. काळवीट मूळचे गवत खाणारे जनावर, आणि ऊस हे शेवटी गवतच. उंच वाढलेल्या उसात ते शिरत नाही, त्याला मोकळे दिसले पाहिजे. नुकसान होते ते उगवणीच्या आणि फुटव्यांच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत. तेवढ्यासाठी बांधावर न खाण्यासारखे झाड असून भागत नाही, त्यातून वाट मिळता कामा नये. त्याला सागरगोटा आणि करवंद हीच झाडे. सागरगोट्याला खोड, फांदी, पान, शेंग सगळीकडे काटा. बी दगडावर घासून रात्रभर पाण्यात भिजवल्याशिवाय उगवत नाही, हे विसरू नका. उगाच रोपवाटिकेला दोष येतो. करवंद हळू वाढते, तीन वर्षे धीर धरावा लागतो, पण फळ बाजारात जाते आणि उसावर सावली पडत नाही.

तीन वर्षे कोण थांबणार, असे म्हणणाऱ्यांसाठी करडई. काटेरी जातीची करडई सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बांधाच्या आत चार-सहा ओळी दाट पेरावी. कोवळी असताना तिची आपणच भाजी करून खातो, तेव्हा हरीणही खाणार. तेवढी राखण करा. डिसेंबरमध्ये ती काट्यावर येते, आणि सुरू उसाची लागण १५ डिसेंबरपासून पुढे. म्हणजे कोंब वर येतात तेव्हा कडेला काटे तयार. लवकर तुटलेल्या खोडव्यालाही हाच हिशोब लागू पडतो. आडसालीला मात्र हिचा उपयोग नाही. हे काट्याचे काम काळविटापुरते आहे. रानडुकराला नुसत्या करडईवर विसंबू नका.

लावताना एक चूक सर्रास होते. रोप लवकर वाढावे म्हणून युरिया आणि रोज पाणी. अशा लुसलुशीत रोपाला, जात कोणतीही असो, हरीण तोंड लावून पाहतेच, आणि चव नाही आवडली तरी शेंडा गेलेला असतो. रोप गुडघ्याएवढे व काडी थोडी जून झाल्यावरच लावा. पहिली दोन वर्षे भोवती बोरी-बाभळीच्या काट्या रोवा. नर अंग आणि शिंगे घासतो, त्यात न खाल्लेले रोपही मोडते. दुष्काळात ही सगळी यादी कमी-जास्त होते. १९७२ साली आपल्या गुरांनी काय काय खाल्ले ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. भुकेल्या हरणाचेही तसेच.

ज्यांनी जास्वंद, गुलाब, तुती, सुबाभूळ हौसेने लावली आहे त्यांनी ती उपटू नये, पण उसाच्या कडेला न ठेवता घराच्या भिंतीआड, कुत्र्याच्या टप्प्यात ठेवावी. कडेची सुबाभूळ म्हणजे कळपाला आवतण.

काळवीट आणि चिंकारा हे दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. फासे लावणे, तारेत करंट सोडणे हा गुन्हा आहे, आणि त्या तारेला रात्री पाणी धरायला गेलेला आपलाच माणूस चिकटतो. नुकसान झाल्यास त्याच दिवशी फोटो काढून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज द्यावा. पंचनाम्याला सातबारा आणि ऊस नोंदीची पावती लागली तर गट ऑफिसमधून नोंदीचा उतारा मिळेल.

निरगुडी व अडुळशाच्या कांड्या मृगाच्या पावसानंतर गट ऑफिसला येतील. सागरगोट्याचे बी आणि करवंदाची रोपे हवी असणाऱ्यांनी बांधाची लांबी फुटात मोजून चिटबॉयकडे वैशाखातच नाव नोंदवावे. कण्हेरीची रोपे मागू नयेत.

ऊस विकास अधिकारी