बिनइंजिनाचे ७४९ किलोमीटर

६ जुलै १९३९. ओल्गा क्लेपिकोव्हा मॉस्कोजवळून ग्लायडर घेऊन निघाली आणि आठ तासांहून अधिक वेळाने स्टालिनग्राड प्रांतात उतरली. सरळ रेषेत अंतर भरलं ७४९ किलोमीटर. आधीचा जागतिक विक्रम तिच्याच देशातल्या व्हिक्टर रास्तोर्गुयेव्हचा, ६५२ किलोमीटरचा होता.

इंजिन नसताना हे जमतं कसं? ग्लायडर हवेतून सतत खालीच येत असतं, फक्त सावकाश. कोरडं, नांगरलेलं शेत शेजारच्या रानापेक्षा लवकर तापतं. त्यावरची हवा हलकी होऊन वर सुटते. हा झोत म्हणजे थर्मल. तो सेकंदाला तीन मीटर चढत असेल आणि त्यात ग्लायडर एक मीटर उतरत असेल, तर निव्वळ कमाई दोन मीटरची. घारी पंख न हलवता घिरट्या घालतात त्या याच कमाईवर. थर्मल डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या माथ्यावरचा सपाट बुडाचा कापशी ढग दिसतो. चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरचा काटा वर सरकला, की लगेच वळून त्या झोतात गोल फिरत राहायचं.

आता हिशेब करू. एक किलोमीटर उंचीवरून ग्लायडर पंचवीस किलोमीटर जातं असं धरलं, तर ७४९ किलोमीटरसाठी एकूण तीस किलोमीटर चढावं लागेल. एव्हरेस्टच्या तिपटीहून जास्त! सेकंदाला दोन मीटरने त्यातच चार तास जातात, आणि ऊन उतरलं की थर्मल संपतात. म्हणून लांब पल्ल्याचे वैमानिक पाठीशी वारा घेतात, ढगांची रांग लागली की घिरट्या टाळून तिच्याखालून सरळ निघतात. इथे दंडातली ताकद कामाची नाही. पुढचा ढग वाढतोय की विरतोय, हे ओळखणारी नजर लागते.

क्लेपिकोव्हाचं रोट फ्रंट-७ हे ग्लायडर ओलेग अँटोनोव्हने घडवलेलं. आपल्या हवाई दलातल्या एएन-३२ विमानांना नाव मिळालं ते त्याचंच. तिचं नाव मात्र आपल्याकडे क्वचितच कानावर येतं.

विक्रमांच्या नोंदीत महिलांचा रकाना वेगळा असतो. हिचा आकडा त्यात होताच, शिवाय सर्वांच्या रकान्यातही होता. तिथून तो हलवायला बारा वर्षं लागली. १९५१ मध्ये अमेरिकेच्या रिचर्ड जॉन्सनने ८६१ किलोमीटर उड्डाण केलं. महिलांच्या रकान्यात मात्र क्लेपिकोव्हाचा आकडा त्यानंतरही पाव शतक टिकला.