नागपूर मेट्रोच्या पाच मिती
नागपूरच्या वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर महामार्गाचा उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो, असा सारा डोलारा एकाच रांगेतल्या खांबांवर उभा आहे. ३.१४ किलोमीटरच्या या पुलाची २०२२ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली.

हा पूल ज्याचा भाग आहे, त्या नागपूर मेट्रोच्या प्रकल्पासाठी महामेट्रो या कंपनीने ‘फाइव्ह-डी बिम’ म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगची पद्धत वापरली. त्रिमितीय मॉडेलला चौथी मिती वेळापत्रकाची आणि पाचवी खर्चाची जोडली जाते. मॉडेलमधला खांब नुसते चित्र नसतो. त्यात काँक्रीट किती, सळई किती, तो कधी भरायचा, बिल किती, हे सारे त्याच्यासोबत नोंदलेले असते. एखादा स्लॅब ठरल्या तारखेला ओतला गेला नाही, तर पुढची कोणती कामे अडतील हे महिनाअखेरच्या अहवालाआधीच दिसते.

सर्वांत मोठा फायदा मात्र टकरी टाळण्याचा. स्थापत्य, वीज आणि वातानुकूलनाचे नकाशे वेगवेगळ्या कचेऱ्यांत बनतात. एसीचा डक्ट नेमका बीममधून जातोय, हे साइटवर कळले तर झालेले काम तोडावे लागते, मिस्त्री खोळंबतात आणि ज्यादा बिलावरून वाद पेटतो. मॉडेलमध्ये तीच टक्कर काँक्रीट ओतण्याआधी सापडते.

अर्थात जागाच ताब्यात नसेल, तर मॉडेल काय करणार? आणि साइटवरची प्रगती रोज प्रामाणिकपणे भरली नाही, तर पडद्यावरचा पूल पुढे जातो नि खरा मागे राहतो. त्यामुळे सॉफ्टवेअरइतकाच पैसा पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हायला हवा.