भिवंडीच्या मोहल्ला समित्या

मुंबईहून जुन्या आग्रा रस्त्याने निघून, ठाणे मागे टाकून कशेळीचा पूल ओलांडला म्हणजे थोड्याच वेळात भिवंडी लागते. मूळचे कोकणी मुसलमान, उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि आसपासच्या गावांतील आगरी व कुणबी अशा नाना समाजांना यंत्रमागाने या नगरात एकत्र आणले. मागाचा मालक, त्यावर राबणारा कारागीर आणि कापडाचा व्यापारी पुष्कळदा भिन्नधर्मीय असूनही परस्परांवाचून त्यांचे चालत नाही. तरीही मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने उसळलेल्या आणि मे 1984 मध्ये पुनश्च पेटलेल्या दंगलींनी या नगराचे नाव महाराष्ट्रभर भयसूचक करून टाकले. पहिल्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने पोलिसांच्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले होते; पण अहवाल दप्तरी दाखल झाल्याने गल्लीतला अविश्वास निवत नाही, हे पुढच्या चौदा वर्षांनी दाखवून दिले.

सन 1988 मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग आरंभिला. शांतता समिती ही संस्था आपल्याकडे जुनीच आहे. परंतु सणाच्या तोंडावर अथवा दंगल होऊन गेल्यावर पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळींना ठाण्यात पाचारण करावे, चहा द्यावा, सलोख्याचे आवाहन छापून आणावे आणि पुढच्या सणापर्यंत सर्वांनी ते विसरावे, असा तिचा परिपाठ असे. खोपडे यांनी ही घडीच उलटी केली. सुमारे 70 समित्या वस्तीवस्तीत स्थापन झाल्या, त्यांत हिंदू व मुसलमान सभासद समसमान घेतले गेले, गुन्हेगारी पूर्ववृत्ताची माणसे वगळली गेली, आणि मुख्य म्हणजे गावात काहीही घडलेले नसताना या समित्या नियमाने भरू लागल्या.

काहीही घडलेले नसताना भेटणे, हेच मला या प्रयोगाचे मर्म वाटते. वस्तीतला कलह धर्माच्या नावाने क्वचितच सुरू होतो. त्याचा आरंभ नळावरच्या रांगेत, तुंबलेल्या गटारात, थकलेल्या भाड्यात किंवा मिरवणुकीच्या मार्गात असतो. आपल्या राज्यव्यवस्थेत नळ आणि गटार यांचा कारभार नगरपालिकेकडे, तर पोलीस राज्य सरकारकडे, त्यामुळे जो तंटा पालिकेच्या दारी अर्ज होऊन पडून राहतो तोच हातघाईवर आल्यानंतर फिर्याद होऊन पोलीस ठाण्यात येतो, आणि या दोहोंमधल्या काळात त्याची दखल घेणारा अंमलदार कोणीच नसतो. समितीने ही पोकळी भरून काढली. बीटचा पोलीस शिपाई, जो एरवी केवळ समन्स बजावण्यासाठी किंवा कोणाला धरून नेण्यासाठी गल्लीत शिरे, तो तेथे आठवड्यागणिक बसू लागला. कोणती अफवा कोणाच्या तोंडून निघाली हे विचारण्यासाठी त्याला माणसे ठाऊक झाली, आणि माणसांनाही तो ठाऊक झाला.

डिसेंबर 1992 मध्ये अयोध्येतील घटनेनंतर मुंबई पेटली आणि जानेवारीत पुन्हा पेटली, तेव्हा दोनदा होरपळलेल्या भिवंडीत दंगल झाली नाही. या सलोख्यामागे आणखीही कारणे असतील, दंगलीत बुडालेल्या धंद्याची आठवण हे त्यांतले एक. पण समित्यांचा वाटा मोठा होता याविषयी अभ्यासकांत पुष्कळसे मतैक्य आहे. खोपडे यांनी या अनुभवावर ग्रंथ लिहिला, आणि 1994 मध्ये मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे ही तिच्यातील प्रमुख नावे होत.

या व्यवस्थेचे वैगुण्यही सांगितले पाहिजे. ती अधिकाऱ्याच्या आस्थेवर उभी होती, आणि अधिकाऱ्याची बदली होते. कायद्याने तिला आधार नव्हता, पालिकेच्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी पैशाची तरतूद नव्हती. डिसेंबर 2001 मध्ये भिवंडी-निजामपूर नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पण पालिका आणि पोलीस यांच्यामधली ती जुनी दरी महापालिका झाल्याने बुजली नाही. जुलै 2006 मध्ये क्वार्टर गेट येथील कब्रस्तानालगतच्या जागेत पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद चिघळला, गोळीबारात दोन नागरिक मृत्युमुखी पडले, आणि पाठोपाठ जमावाने दोन पोलीस शिपायांचा बळी घेतला. जागेच्या मालकीचा हा प्रश्न असा होता की तो भूमापनाच्या नकाशावर बोट ठेवून, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना समोर बसवून, बांधकामाचा पहिला दगड येण्यापूर्वीच काढायला हवा होता.