सड्यावर काही नसतं म्हणे!

ऑगस्ट अर्धा सरला की साताऱ्यातल्या प्रत्येकाला पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा फोन येतो: ‘कासला फुलं आली का?’ जणू फुलं एसटीने येतात आणि पंधरा दिवस मुक्काम करून परत जातात. प्रश्न निरागस आहे, पण त्यामागे एक पक्की समजूत आहे. पठार, म्हणजे सडा, वर्षभर ओसाड असतं, मध्येच एकदा फुलतं आणि पुन्हा ओसाड पडतं, अशी. सह्याद्रीतल्या भटकंतीबद्दलचे बाकीचे बरेच गैरसमज याच एका समजुतीची पिल्लं आहेत.

आधी बहराचं पाहू. कास पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे 1200 मीटर उंचीवर आहे. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातली चार महाराष्ट्रातली: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. एकट्या कासवर 850 हून अधिक प्रकारच्या सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. त्या सगळ्या एकाच आठवड्यात फुलणार कशा? जूनच्या पहिल्या सरींनंतर दीपकाडी आणि काळी मुसळी डोकं वर काढतात. मग आमरी येतात. खडकावर पाणी झिरपू लागलं की गेंदाचे पांढरे गोंडे आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा. पावसाने उघडीप दिली की तेरडा आणि कवला. आणि पाऊस परतीला लागला की सोनकी. ‘पीक सीझन’ म्हणून आपण गाठतो तो यातला जेमतेम एक अंक, तोही बहुतेक वेळा रविवारच्या गर्दीत.

दुसरी समजूत अशी की, एवढी फुलं म्हणजे माती फार कसदार असणार. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. खाली सगळा जांभा, वर कुठे चार बोटं माती, कुठे तीही नाही. जी आहे तिच्यातलं नत्र पाऊस धुवून नेतो. त्यामुळे मोठं झाड इथे तग धरत नाही, आणि म्हणूनच या चिमुकल्या वनस्पतींना मोकळं ऊन आणि मोकळी जागा मिळते. काहींनी तर नत्राची सोय परस्पर लावून घेतली आहे. गुडघे टेकून, नाक जमिनीला लागेल इतकं वाकून दवबिंदू पाहा. वीतभरही नसलेलं रोपटं, पानांवर तांबूस केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकता थेंब. तो दव नव्हे, चिकट द्राव आहे. एखादं चिलट त्यावर टेकलं की सुटत नाही. आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्यावर वाकतात आणि पचन सुरू होतं. सीतेची आसवं त्याहून बेरकी. वरचं फूल साधंभोळं, सापळा खाली ओल्या मातीत: टाचणीच्या डोक्याएवढे पोकळ फुगे. फुग्याच्या दाराशी असलेल्या केसाला सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो. हे सगळं पापणी लवायच्या कितीतरी आधी उरकतं. ‘कीटकभक्षी वनस्पती ॲमेझॉनच्या जंगलात असतात’ असं मुलांना सांगणारे पालक त्याच वेळी त्यांच्यावर उभे असतात, हे मी सांगायला नको.

कारवीबद्दल तर बोलायलाच नको. ‘सात वर्षांनी सगळ्या सह्याद्रीत कारवी फुलते, आता पुढची सात वर्षं विसरा’ हे वाक्य दर मोसमात फिरतं. कारवी फुलते, बी धरते आणि मरते, इतकं खरं. पण सगळ्या डोंगरांनी मिळून तारीख ठरवलेली नसते. एका खोऱ्यातली यंदा, पलीकडच्या खोऱ्यातली आणखी दोन वर्षांनी, असं चालतं. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातला मोठा बहर 2008 चा आणि त्यानंतरचा 2016 चा. म्हणजे तिथे अंतर आठ वर्षांचं पडलं. शिवाय उतारावरची, कुडाच्या भिंतींना काठ्या पुरवणारी उंच कारवी वेगळी आणि कासच्या उघड्या पठारावर पालथ्या टोपलीसारखी बसलेली टोपली कारवी वेगळी. केरळात मुन्नारकडे 2006 आणि 2018 मध्ये फुललेली नीलकुरिंजी ही याच कुळातली तिसरीच. तिचा हिशोब बारा वर्षांचा.

पिवळ्या फुलांच्या गालिच्यात उभं राहून काढलेले फोटोही जरा तपासून पाहावेत. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेला पावसाळ्याच्या शेवटी जे केशरी-पिवळं माजलेलं असतं, ते पुष्कळदा कॉसमॉस असतं. मेक्सिकोकडचं, बागेतून निसटलेलं. आपली सोनकी बुटकी असते, तिची फुलं लहान आणि पिवळीधमक असतात. कॉसमॉस कमरेएवढं वाढतं आणि इतरांची जागा बळकावतं. दिसायला सुंदर आहे, यात वाद नाही. पण त्याला रानफूल म्हणून मिरवू नये.

आता ओसाड उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गेलात तर पहिल्या नजरेला करपलेलं गवत आणि तापलेले दगड, एवढंच दिसेल. जरा थांबा. एखाद्या दगडावर बोटभर अंगाचा सरडा चढतो, मान ताठ करतो आणि गळ्याखालचा पंखा फटकन उघडतो: निळा, काळा, नारिंगी. मादीला खुणावणारा हा नर. त्याची जात 2016 मध्ये ‘सरडा सुपर्बा’ या नावाने स्वतंत्र म्हणून नोंदवली गेली. याच पठारावरच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी कमी आढळले, त्यामुळे सरडे वाढले. आणि भीती कमी झालेले हे सरडे माणसाला अधिक जवळ येऊ देतात, असं त्यात दिसलं. ‘इथे काय आहे, दगड नि वारा’ असं म्हणत चक्क्या उभारल्या जातात, त्या जागेची ही गोष्ट. फुलांचे कंदही या उन्हाळ्यात जमिनीखाली जिवंत असतात आणि आटलेल्या डबक्यांच्या तळाशी फेअरी श्रिंप या चिमुकल्या जलचरांची अंडी कोरडी पडून पावसाची वाट पाहत असतात.

सापांचं थोडक्यात सांगतो. हरणटोळ झाडावरून झेप घेऊन टाळूवर दंश करतो, ही निव्वळ थाप. तो सौम्य विषारी आहे, विषदात जबड्यात मागे असतात, आणि त्याला रस असतो तो सरड्या-बेडकांत. जपायचं असेल तर फुरशापासून जपा. ते लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं आणि दगडाखाली बसतं. फोटोसाठी दगड उलटू नका.

ओसाडपणाच्या समजुतीचे खरे दुष्परिणाम मात्र वणव्यात आणि बीजगोळ्यांत दिसतात. ‘गवत जाळलं की पुढच्या साली जोमाने येतं’ असं गावोगाव मानलं जातं. राखेमुळे सुरुवातीला हिरवा फुटवा येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि खोलवरचे कंद वाचतातही. पण वरचं बी, कुजून माती होणारा पालापाचोळा, टिटवी, रातवा, चंडोल यांची जमिनीवरची अंडी आणि ते सरडे जळून जातात. वर्षानुवर्षं जाळलेल्या डोंगरावरची उघडी माती पहिल्याच पावसात वाहून जाते. आधीच चार बोटं असलेली माती.

वणवा लावणाऱ्याला निदान शिव्या तरी बसतात. बीजगोळे, म्हणजे बिया भरलेले मातीचे गोळे, फेकणाऱ्यांचा सत्कार होतो. उघडं पठार म्हणजे तुटलेलं जंगल, ते भरून काढलं पाहिजे, ही भावना चांगली आणि माहिती चुकीची. अशी बरीच पठारं मुळातच मोकळी आहेत. तिथे झाडं लावायला खड्डे खणले की पाणी धरून ठेवणारे उथळ भाग फुटतात, आणि झाड जगलंच तर त्याच्या सावलीत ऊन मागणारी फुलं मरतात. काही गोळ्यांत तर गुलमोहर आणि सुबाभूळ असतात. एक मादागास्करचा, दुसरा मध्य अमेरिकेतला.

झाडं लावायचीच असतील तर पायथ्याच्या तोडलेल्या उतारांवर लावा, तिथलीच लावा आणि वनखात्याला व गावाला विचारून लावा. सड्यावर जाताना बीजगोळे घरी ठेवा. त्यांच्याऐवजी खिशात एक दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या.