काचेवरची फिल्म आणि सुकाणूवरचे डोळे

आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "सर, तत्त्वज्ञान संपलं का?" नाही हो, संपलं नाही, मधूनच डोकावेल. पण आज बोलायचं आहे ते बोटीच्या काचेला ऊन अडवणारी फिल्म लावण्याबद्दल. परभणीत बसून बोटीवर बोलणं म्हणजे जरा गंमतच. आपल्याकडे येलदरीच्या पाण्यात किंवा गंगाखेडला गोदावरीत ज्या होड्या दिसतात, त्यांना काच नावाची वस्तूच नसते.

प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आणला. तो मुंबईच्या गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचवर सुकाणू धरतो. पावसाळ्यात ही लाँचसेवा बंद असते, बोटी दुरुस्तीला ओढतात आणि हा गावाकडे येतो. गेल्या जूनमध्ये घरी आला आणि म्हणाला, "सर, दुपारनंतर मांडव्याहून परत येताना ऊन डाव्या अंगाने येतं. पाणी नुसतं पेटलेलं असतं, डोळे दुखतात. मालक म्हणतात, केबिनला चहूबाजूंनी काळी फिल्म लावून टाकू. काय करावं?"

मी म्हटलं, "अरे, घाई करू नकोस. मी एकदा पोळलोय." आमच्या घराची पश्चिमेची खिडकी मोठी आहे. परभणीचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एका वर्षी मी त्या काचेला चांगली गडद फिल्म लावून घेतली. एप्रिलच्या एका दुपारी काडकन आवाज झाला आणि काच कडेपासून मधोमध तडकली. कुणी दगड मारला नव्हता. गडद फिल्म ऊन परत फेकत नाही, ती बरंचसं पिऊन घेते, त्यामुळे काचेचा मधला भाग तापून फुगतो. चौकटीत दडलेली कड मात्र सावलीत, थंडच राहते. त्या ओढाताणीत काच कडेला फाटते, आणि कापताना कडेला बारीक टवका उडालेला असला तर आधीच फाटते. लावणाऱ्याने काच कोणती आहे हे पाहिलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. उजेड आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूर्याकडून जमिनीवर येणाऱ्या ऊर्जेतला साधारण अर्धा भाग अवरक्त असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, नुसता तापवतो. अर्ध्याहून थोडा कमी भाग म्हणजे आपल्याला दिसणारा उजेड, आणि तीन ते पाच टक्के अतिनील, जो गाद्यांचे रंग उडवतो. फिल्म जितकी काळी तितकी ती थंड, हा आपला समज म्हणूनच अर्धवट आहे. साधी रंगवलेली फिल्म मुख्यतः उजेड कापते. चांगल्या प्रतीची सिरॅमिक फिल्म जवळजवळ पारदर्शक दिसते, पण अवरक्त बराच अडवते. धातूचा थर असलेली फिल्म ऊन परत फेकते, परंतु खाऱ्या हवेत तिच्या कडा गंजू शकतात. बोटीसाठी ती मला पटत नाही.

दुसरं, टक्क्यांचा हिशेब. दुकानदार म्हणतो, "पन्नासची फिल्म आहे." म्हणजे ती ५० टक्के उजेड आत सोडते. पण काच स्वतःही थोडा उजेड खाते, आणि हे आकडे वजा करायचे नसतात, गुणायचे असतात. काच ७० टक्के सोडत असेल आणि तिच्यावर ५० ची फिल्म लावली, तर हाती उरतात ३५ टक्के. मोटारीचा नियम याच आकड्यांवर उभा आहे. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल देऊन मोटारींवरच्या काळ्या फिल्म उतरवायला लावल्या, ते तुम्हाला आठवत असेल. पुढे नियमात बदल झाला, आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने हे टक्के पाळणारी फिल्म चालेल असा अर्थ लावला. हे सगळं रस्त्याचं झालं. पाण्यावर वाहतूक पोलीस काच मोजायला येत नाही, म्हणून तिथे विचार आपणच करायचा.

आता तत्त्वज्ञानाकडे येतो, थोडाच वेळ. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, सातव्या कारिकेत, वस्तू असूनही दिसत नाही याची आठ कारणं दिली आहेत. फार दूर असणं, फार जवळ असणं, इंद्रिय बिघडणं, मन ठिकाणावर नसणं, वस्तू फार सूक्ष्म असणं, मध्ये आडोसा येणं, दुसऱ्या प्रबळ वस्तूने दडपणं, आणि सारख्या वस्तूंत मिसळून जाणं. मी हे वर्गात तीस वर्षं शिकवलं, पण या मुलाच्या केबिनमध्ये ते मला खरं दिसलं. पाण्यावरची चकाकी म्हणजे दडपणं. दिवसा तारे असतात, सूर्य त्यांना दडपतो, तसंच. फिल्म म्हणजे आडोसा. मालक काय करायला निघाले होते? एक कारण घालवण्यासाठी दुसरं आणून ठेवायला. आणि चकाकी सूर्य मावळला की जाते. फिल्म जात नाही.

संध्याकाळचं बघा. अंधार पडल्यावर तांडेल काय शोधतो? लहानलहान दिवे. बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा. १२ मीटरपेक्षा लहान बोटीचा हा बाजूचा दिवा किमान एक सागरी मैलावरून दिसावा, एवढीच आंतरराष्ट्रीय नियमांची अपेक्षा आहे. मागे मुंबईचे हजारो दिवे, त्यात तो एक. आठवं कारण तिथे हजरच आहे. त्यात त्या दिव्याचा दोन-तृतीयांश उजेड आपणच काचेवर अडवला, तर मासेमारीची होडी दिसणार कधी? शिवाय रात्री फिल्म उलटते. ज्या बाजूला उजेड जास्त, ती बाजू दुसऱ्याला दिसते. केबिनमध्ये यंत्रांचे पडदे उजळलेले असले की काळ्या काचेत तांडेलाला स्वतःचाच चेहरा दिसू लागतो.

समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ मध्ये ठरलेले आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यातला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक नौकेने डोळ्यांनी आणि कानांनी सतत नीट पहारा ठेवायचा. मोठ्या जहाजांसाठी तर 'सोलास' करारात थेट लिहिलंय. १ जुलै १९९८ नंतर बांधलेल्या, ५५ मीटर व त्याहून लांब जहाजाच्या सुकाणू-कक्षाला रंगीत किंवा ध्रुवीकृत काच बसवायची नाही. समोरच्या काचा वरून बाहेर झुकवायच्या, १० ते २५ अंशांत, म्हणजे प्रतिबिंबं डोळ्यांवर येत नाहीत. आपल्या मुलाची लाँच एवढी मोठी नाही, तो नियम तिला लागत नाही. पण नियमामागचं कारण तिलाही लागतंच ना?

म्हणून मी त्याला सांगितलं की प्रवाशांच्या बाजूच्या काचांना खुशाल लाव. तिथे कुणी पहारा देत नाही. मात्र आधी काच आहे की प्लॅस्टिक ते बघ. बऱ्याच लहान बोटींना ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट असतं. ते तापलं की त्यातून वायू सुटू शकतो आणि फिल्मखाली फोड येतात. प्लॅस्टिकवर चालणारी फिल्म वेगळी मागायची.

लावायची रीत अवघड नाही, पण चिकाटीची आहे. काच साबणाच्या पाण्याने धुवायची, मिठाचा थर पूर्ण काढायचा. खऱ्या काचेवरचे जुने डाग ब्लेडने खरवडायचे, प्लॅस्टिकला ब्लेड लावायचं नाही. अमोनिया असलेलं काच पुसायचं औषध दूर ठेवायचं. भर उन्हात बसायचं नाही, पाणी लगेच सुकतं आणि फिल्म वेडीवाकडी धरते. फिल्म थोडी मोठी कापायची, मागचा पापुद्रा सोलतानाच तिच्यावर आणि काचेवर शाम्पूचे दोन थेंब घातलेलं पाणी फवारायचं. म्हणजे ती सरकवून जागेवर आणता येते. मग रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी ढकलायचं आणि कडेला एक-दोन मिलिमीटर जागा सोडून कापायचं. धूळ हा खरा शत्रू. एक कण राहिला की आयुष्यभर डोळ्यांत खुपतो. उन्हाळ्यात ती काही दिवसांत सुकते, पावसाळ्याच्या दमट हवेत काही आठवडेही लागतात. तोवर पुसायचं नाही.

"आणि माझ्या डोळ्यांचं काय सर?" असं त्याने विचारलंच. पाण्यावरून उसळणारी चकाकी बरीचशी आडव्या दिशेने ध्रुवीकृत असते. साधी फिल्म सगळाच उजेड सरसकट कमी करते, ध्रुवीकृत चष्मा नेमकी ती चकाकी कापतो. वर केबिनला पुढे आलेली झापड असली की आणखी सोपं. चष्मा सूर्य मावळला की खिशात जातो.

सप्टेंबरात त्याचा फोन आला. प्रवाशांच्या बाजूला हलकी सिरॅमिक फिल्म लागली, तांडेलाच्या काचा कोऱ्या राहिल्या. चष्म्याबद्दल मात्र तक्रार आहे. मान जरा तिरकी केली की यंत्राचा पडदा काळा दिसतो, कारण त्या पडद्याचा उजेडही ध्रुवीकृत असतो. मग तो काय करतो? पडदा बघायचा असला की चष्मा कपाळावर सरकवतो, पाणी बघायचं असलं की खाली ओढतो. दिवसभर हेच चाललेलं असतं म्हणाला.