जिग बांधावा की रबरी गांडूळ? वेदगंगा-दूधगंगेकाठच्या मरळीचा विचार

निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी, बेळगाव या आपल्या पट्ट्यातली तरुण पोरं आता बांबूची काठी सोडून रॉड आणि रीळ घेऊन बंधाऱ्यावर जातात. मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात, तिथला माणूस 'बास' धरताना गळाला काय लावतो ते पाहून तेच मागवतात आणि मग मंडळाच्या कट्ट्यावर येऊन विचारतात, "काका, जिग बरा की रबरी गांडूळ?" हा प्रश्न आमच्याकडे इतक्या वेळा आला की एकदा सगळे लिहूनच काढावे असे ठरले. लिहिणारे आम्ही चौघे-पाच जण आहोत. काही वेदगंगेकाठचे, काही मार्कंडेयकाठचे. मतभेद आहेत, पण खाली लिहिले आहे त्यावर आमचे एकमत आहे.

आधी एक घोळ मिटवू. अमेरिकेतला बास आपल्या नद्यांत नाही. बाजारात बर्फावर 'बासा' म्हणून जे पांढरे काप मिळतात त्याचा आणि बासचा काडीचाही संबंध नाही. तो पंगस जातीचा, तळ्यात पाळलेला बिनखवल्यांचा मासा. मग ते व्हिडिओ आपल्याला निरुपयोगी आहेत का? तसेही नाही. बास हा दबा धरून बसणारा मासा. पाण्यातल्या गवतात, बुडलेल्या फांदीखाली थांबायचे आणि समोरून काही गेले की झडप घालायची, ही त्याची रीत. आपल्याकडे हेच काम मरळ करते. म्हणून बाससाठी काढलेली बरीचशी हत्यारे मरळीला चालतात. फरक एवढाच, की मरळ हवेत श्वास घेते. तिला ठरावीक वेळाने वर यावेच लागते. केंदाळाच्या फटीत 'पुळुक' असा आवाज येऊन बुडबुडा फुटला की तिथे मरळ आहे, हे आपल्या आजोबांनाही माहीत होते. बासवाल्याला हा फायदा मिळत नाही.

आता दोन्ही वस्तू काय आहेत ते बघू. जिग म्हणजे शिशाच्या गोळीत ओतून बसवलेला गळ. गोळीपाशी रबराच्या किंवा केसांच्या झिरमिळ्या असतात, मागे बहुधा मऊ रबराची शेपटी लावतात. वजन डोक्यात असल्याने तो सरळ तळाला जातो आणि गळाचे टोक वरच्या बाजूला राहते. दांडी उचलली की उडी मारतो, सैल सोडली की खाली बसतो. एखादा खेकडा किंवा झिंगा तळावर टुणटुण जावा तसा. रबरी गांडूळ म्हणजे मऊ प्लॅस्टिकचा वीतभर किंवा त्याहून आखूड तुकडा. तो १९४९ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी निक क्रीम नावाच्या गृहस्थाने घरच्या घरी साच्यात ओतून तयार केला. त्याआधीही रबराची गांडुळे होती, पण ती ताठ. क्रीमचे गांडूळ पाण्यात खरोखर वळवळत होते. त्यानंतर लोकांनी त्यात एक युक्ती काढली. गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच लपवायचे, म्हणजे गवतात अडकत नाही; मासा चावला की मऊ प्लॅस्टिक दबून टोक बाहेर येते. याला टेक्सास पद्धत म्हणतात. आपल्या केंदाळाने भरलेल्या पाण्यासाठी या सगळ्या प्रकारात आम्हाला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

कारण आपले पाणी. वेदगंगा आणि दूधगंगा या दोन्ही नद्यांवर ओळीने कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की बरगे घालतात, पाणी तुंबते आणि नदीचे एकामागून एक तळे होते. उसाच्या शेतातून उतरलेल्या खतामुळे काठाला केंदाळ आणि शेवाळ माजते. पावसाळ्यापूर्वी बरगे काढले की तीच नदी वाहती होते, आणि जूनअखेर तिचे पाणी चहासारखे लाल होते. म्हणजे एकाच जागी, एकाच बंधाऱ्यावर, वर्षात दोन वेगळ्या नद्या असतात. जो माणूस 'मी फक्त जिगच वापरतो' किंवा 'फक्त गांडूळच' म्हणतो तो यांतल्या एकाच नदीत मासेमारी करतो.

बरगे घातलेल्या, संथ, काठाला गवत असलेल्या पाण्यात रबरी गांडूळ किंवा त्याचाच भाऊ असलेला पोकळ रबरी बेडूक वापरावा. बेडूक केंदाळाच्या वरून सरपटत आणायचा, गांडूळ केंदाळाच्या कडेला सोडून हळूहळू बुडू द्यायचे. शिसे अगदी हलके हवे, ३ ते ५ ग्रॅम, आणि शेवाळ फारच कमी असेल तर तेही नको. इथे जिग टाकला तर प्रत्येक फेकीला पावशेर शेवाळ बाहेर येते, मासा नाही.

हिडकलला गोष्ट उलटी. घटप्रभेवरच्या त्या जलाशयाला आपण राजा लखमगौडा धरण म्हणतो. तिथे काठ खडकाळ, पाणी खोल आणि दुपारनंतर वारा सुटतो. हलके गांडूळ वाऱ्याने भलतीकडे जाते आणि तळाला पोहोचायला इतका वेळ घेते की माणूस कंटाळतो. तिथे १० ते १४ ग्रॅमचा जिग बांधावा. तो तळाला टेकला की तंगूस एकदम सैल पडतो, तेव्हा तळ लागल्याचे कळते. मग एक हलकी उडी, थोडी विश्रांती, पुन्हा उडी. मरळीबरोबर तिथे शिंगाळाही लागतो, कारण तो तळाशी फिरणारा मासा. शिंगाळा गळाला लागला तर हात सांभाळा, पाठीवरचा आणि कल्ल्याजवळचे काटे खोल जातात. खडकाच्या फटीत जिग अडकतात हे खरे, त्याला इलाज नाही. चार न्यावेत, दोन परत येतील असे धरून चालावे.

मलप्रभेच्या खानापूरकडच्या भागात पाणी उथळ, दगडगोट्यांचे आणि उन्हाळ्यात स्वच्छ असते. अशा पाण्यात सडपातळ, मातकट किंवा हिरवट रंगाचे गांडूळ चालते. गढूळ पाण्यात मात्र माशाला दिसत नाही. तो पाण्याची थरथर अंगावरच्या रेषेने ओळखतो. म्हणून तिथे जाड, झिरमिळ्यांचा, पाणी ढवळणारा काळा किंवा गडद जांभळा जिग. गढूळ पाण्यात काळा रंग कसा दिसेल, असे लोक विचारतात. खालून वर बघणाऱ्या माशाला उजेडाच्या पार्श्वभूमीवर काळी आकृतीच सर्वांत ठळक दिसते.

दोन्हींत खरा फरक हाताला कळतो, आणि हे व्हिडिओत नीट सांगत नाहीत. जिग कठीण आणि जड. मरळीने तोंडात घेतला की तिला शिसे लागते आणि ती लगेच थुंकते. म्हणून टक् असे जाणवताच दांडी ओढावी. गांडूळ मऊ असल्याने ती ते जास्त वेळ तोंडात धरते, त्यामुळे तंगूस बाजूला सरकताना दिसेपर्यंत थांबायला हरकत नाही. बेडकाला तर आणखी धीर लागतो. पाणी फुटल्याचा धडाका ऐकून बहुतेक जण घाबरून लगेच ओढतात आणि बेडूक रिकामाच छातीवर येतो. मनात एक-दोन म्हणावे, दांडीला वजन जाणवू द्यावे आणि मग जोरात ओढावे. जोर हवाच, कारण मरळीचा जबडा हाडाचा आहे. साध्या तंगुसाला ताण बसतो, तो रबरासारखा लांबतो आणि गळ रुतत नाही. केंदाळात मरळीसाठी ३० ते ४० पौंडी विणलेला धागाच बरा.

आता ज्या जुन्या मंडळींनी अजून काठीच धरली आहे त्यांच्याविषयी. खरे गांडूळ आजही कित्येक माशांना सगळ्यात चांगले आहे. वाम वासावर जगणारी, रात्री दगडाखालून निघणारी; ती रबराला सहसा विचारत नाही. कटला, रोहू, मृगळ यांना तर कणीक किंवा पेंडीचा गोळा लागतो, त्यांच्यापुढे जिग नाचवणे म्हणजे गाईपुढे मटण ठेवणे. कोणत्या माशाला काय खाद्य लावावे हा विचार आपल्या मुलखात फार जुना आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला, त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरणच आहे. काठी कशी, दोरी कशाची, कोणत्या माशाला कोणते खाद्य, हे सगळे त्यात राजाच्या करमणुकीचा विषय म्हणून आले आहे. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्याच राज्यातल्या बिदर जिल्ह्यातले. तेव्हा गळ टाकणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असे घरी कोणी म्हणाले तर एवढे सांगून ठेवावे.

निपाणीकरांसाठी एक खास सूचना. तंबाखूच्या वखारीतून येऊन त्याच हाताने गांडूळ लावू नये. निकोटिन किड्यांना मारणारे आहे, गांडूळ गळावरच मलूल होते. हात काठच्या चिखलाने चोळून धुवावेत. रबरी गांडुळाला मरण्याची भीती नाही, पण वास त्यालाही लागतो.

जिवंत बेडूक गळाला लावायची चाल आपल्याकडे होती, आणि मरळीला त्याहून चांगले आमिष नाही हेही खरे. तरी ती आता सोडावी. आपल्या शेतातला मोठा पिवळा बेडूक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. परदेशी पाठवण्यासाठी बेडकांचे पाय तोडण्याचा धंदा १९८७ मध्ये बंद झाला, तो त्यांची संख्या घटली म्हणूनच. रबरी बेडूक मिळत असताना खऱ्याला टोचण्याचे काही कारण उरत नाही.

पण सगळ्यात नेटाने सांगायचे ते मरळीच्या पिल्लांविषयी. पावसाळ्यात मरळ अंडी घालते आणि पिल्ले निघाली की आई-बाप त्यांच्या खाली पहारा देतात. शेकडो तांबूस पिल्लांचा गोळा पाण्याच्या वरच्या थरात उकळल्यासारखा हलताना दिसतो. हा गोळा दिसला की आजची पोरं त्यात बेडूक टाकतात, कारण रक्षण करणारी मरळ भूक नसतानाही त्यावर तुटून पडते. मासा हमखास मिळतो, फोटो छान येतो. आणि मग काही वेळातच ते पिल्लांचे टोळके चिलापी आणि इतर मासे फस्त करतात. एक मरळ घरी आली, शेकडो गेल्या. आमच्यापैकी ज्यांचे शेजारी पिढ्यान्‌पिढ्या भोई आहेत ते सांगतात की जुने भोई पिल्लांवरची मरळ सोडत असत. त्यांचे पोट त्या पाण्यावर होते, म्हणून सोडत असत. आपले पोट त्यावर नाही, आपण तर सोडलीच पाहिजे.

इथे जिग आणि गांडूळ यांचा प्रश्न पुन्हा वेगळ्या अंगाने येतो. मासा सोडायचा असेल तर तो जिवंत सोडता आला पाहिजे. खरे गांडूळ मासा थेट गिळतो, गळ घशात किंवा पोटात जातो, आणि ओढून काढला की मासा मेल्यातच जमा. रबरी गांडूळही जास्त वेळ तोंडात राहिले तर आत जाते. जिग बहुधा जबड्याच्या कडेला रुततो, चिमट्याने लगेच निघतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यात जायचेच असेल तर जिग बांधावा, गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा आणि पिल्लांच्या गोळ्यापासून लांब राहावे. गळ खोल गेला असेल तर ओढाओढ न करता धागा तोंडाजवळ कापावा.

त्याच महिन्यांत स्वतःलाही जपायला हवे. काळम्मावाडीतून विसर्ग सुटला की दूधगंगा बघता बघता चढते, दोन्ही नद्यांवरचे बंधारे पाण्याखाली जातात. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना त्यावर उभे राहून फेकी टाकणारे आम्ही पाहिले आहेत. अशा वेळी आम्ही तरी काठावरच बसतो.

परवानगीचे थोडक्यात. तळी आणि जलाशय यांचे मासेमारीचे हक्क ठेक्याने किंवा परवान्याने दिलेले असतात. ठेकेदाराला किंवा तिथल्या मच्छीमारांना विचारून बसावे, बहुतेक जण एका काठीला नाही म्हणत नाहीत. आपल्याकडे नदी एक आणि काठ दोन राज्यांचे अशा जागा आहेत, तेव्हा ज्या काठावर उभे आहोत तिथला नियम. जवाहर तलाव, राकसकोप ही पिण्याच्या पाण्याची ठिकाणे, तिथे परवानगीवाचून गळ नकोच. सुरुंग आणि विष यांना तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. कोणी ब्लीचिंग पावडर टाकताना दिसला तर गप्प बसू नये.

राहता राहिली पेटी. रबरी गांडुळे कठीण प्लॅस्टिकच्या आमिषांबरोबर एकाच कप्प्यात ठेवू नयेत, उन्हात मऊ प्लॅस्टिक त्याला विरघळवते आणि सगळ्याचा चिकट गोळा होतो. ती ज्या पिशवीत येतात त्याच पिशवीत ठेवावीत, काळी आणि पांढरी वेगळी, नाहीतर रंग उतरतो. फाटलेले गांडूळ पाण्यात फेकू नये. ते कुजत नाही, आणि मासा ते अन्न समजून गिळतो. खिशात घालून घरी आणावे. शिसे हाताळल्यावर जेवणाआधी हात साबणाने धुवावेत. आणि कोणाकडे जुने, वापरात नसलेले जिग असतील तर मंडळाच्या कट्ट्यावर आणून द्या, शिकणाऱ्या पोरांना हिडकलच्या खडकात हरवायला उपयोगी पडतील.