मामा तलावांची निगा : पाळ, सलंग आणि गाळ

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांतील धानाची शेती तळ्यांच्या भरवशावर उभी आहे. ह्या भागात वर्षाकाठी साधारणपणे १,२०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो कमी म्हणता येणार नाही. परंतु धानाला ज्या दिवशी हवा त्या दिवशी तो मिळेलच असे नाही. रोवणी आटोपल्यावर श्रावणात पंधरा दिवसांची उघडीप पडली, किंवा भारी धान पोटरीवर असताना आश्विनात पाऊस निघून गेला, म्हणजे बांधीतील जमीन भेगाळते आणि वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत वाया जाते. अशा वेळी गावाला आधार असतो तो तळ्यातील पाण्याच्या एकदोन पाळ्यांचा. पीक हाती येणे न येणे पुष्कळदा तेवढ्यावरच ठरते.

ही तळी आज ‘माजी मालगुजारी’ किंवा थोडक्यात ‘मामा’ तलाव म्हणून ओळखली जातात. त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. गोंड राजांच्या काळात जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजणारी जमीन मिळे, अशी ह्या भागातील परंपरा आहे. ह्या कामात कोहळी समाजाने विशेष नैपुण्य मिळविले. नवेगाव बांध येथील विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी ह्यांनी बांधविला असे सांगतात. डोंगरांच्या खिंडी हेरून मोजक्या मातीत मोठे पाणी अडविण्याची ती दृष्टी आजच्या अभियंत्यालाही कौतुकास्पद वाटते.

पुढे १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि तळी शासनाकडे आली. मालगुजारीच्या दिवसांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पाळीवर माती टाकणारे हात बहुतेक वेळा वेठीचे असत. परंतु एक गोष्ट मान्य करावयास हवी. मृग लागण्यापूर्वी पाळीवर माती पडलीच पाहिजे, हे पाहणारा कोणीतरी तेव्हा होता. मालकी बदलल्यावर पाण्यावरील हक्क गावकऱ्यांच्या लक्षात राहिले. निगेचे काम मात्र कोणाचे हे कोणासच नीट उमगले नाही. लहान तळी बव्हंशी जिल्हा परिषदेकडे आहेत, मोठी पाटबंधारे खात्याकडे आहेत, मासळीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो, आणि पाणी शेतकऱ्यांचे! चार धनी असलेल्या बैलाला वैरण कोणी घालावयाची, हा प्रश्न मग साहजिकच उरतो.

फुटलेले तळे पुन्हा बांधावयास लाखो रुपये आणि कित्येक वर्षे लागतात. न फुटू देण्यास मात्र थोडी माती, थोडे श्रम आणि वेळच्या वेळी केलेली पाहणी पुरते. ही पाहणी गावातील कार्यकर्त्याने व शेतकऱ्यांनी मिळून कशी करावी, ते पुढे सांगितले आहे.

पाळीची पाहणी

पाहणी वर्षातून दोनदा करावी. पहिली वैशाखात, पाणी सर्वांत खाली असताना, आणि दुसरी तळे भरल्यावर. पहिल्या खेपेस पाळीच्या माथ्यावरून सावकाश चालत जावे आणि माथा कोठे खचला आहे का हे पाहावे. नुसत्या नजरेवर विसंबू नये. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन टोकांची पातळी ताडून पाहिली तर वीतभर खचलेली जागाही सापडते. गुरांच्या व बैलगाड्यांच्या वहिवाटीने पाळीला जी खांडे पडतात, त्यांतूनच पुराचे पाणी प्रथम वाट काढते.

त्यानंतर दोन्ही उतार तपासावेत. घूस, उंदीर व खेकडे ह्यांची बिळे आढळली तर वरवर माती लोटून ती बुजवू नयेत. आत पोकळी राहते आणि तिचा मार्ग पाण्याला सापडतो. बीळ शेवटापर्यंत खणून मोकळे करावे आणि चिकणमाती सुमारे १५ सेंटिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थर धुमसाने ठोकावा. माती किती ओली असावी? मुठीत दाबल्यावर तिचा लाडू वळावा, पण ती हाताला चिकटू नये. जुन्या उतारावर नवी माती चढवावयाची असल्यास आधी गवत व मुळ्या काढून उताराला पायऱ्या पाडाव्यात. गुळगुळीत उतारावर टाकलेली माती पहिल्याच जोराच्या पावसात घसरून खाली येते आणि गावकरी म्हणतात, ‘सरकारी काम टिकत नाही.’

झाडांविषयी दोन मते ऐकू येतात. पाळीवरील जुने अर्जुन व जांभूळ मातीला धरून ठेवतात हे खरे. मोठे झाड तोडून त्याचा बुंधा तसाच राहू दिला तर मुळ्या कुजतात आणि पाळीच्या पोटात नळ तयार होतात, हेही तितकेच खरे आहे. म्हणून उभ्या जुन्या झाडांना हात लावू नये, परंतु पाळीवर नवी मोठी झाडेही लावू नयेत. माथ्यावर व बाहेरील उतारावर दाट गवत असणे सर्वांत चांगले. आतील अंगाला लाटांचा मारा बसतो. तेथे दगडांचे अस्तर निसटले असेल तर दगड पुन्हा बसवावेत आणि त्यांच्याखाली बारीक खडीचा थर द्यावा. तो नसल्यास लाटेबरोबर दगडांच्या फटींतून माती निघून जाते.

दुसरी पाहणी भरल्या तळ्याची. हिच्यात बाहेरील पायथ्याकडे लक्ष द्यावे. पायथ्याशी थोडे स्वच्छ पाणी पाझरणे हे मातीच्या पाळीला नवे नाही. त्यावर नजर ठेवली म्हणजे पुरे. पाझर गढूळ येऊ लागला तर मात्र पाळीच्या आतील माती वाहून जात आहे असे समजावे आणि क्षणाचाही विलंब लावू नये. अशा वेळी पाण्याचे तोंड चिखलाने किंवा चिंध्यांनी बंद करण्याची चूक सर्रास होते. पाणी मग दुसरीकडून, अधिक जोराने फुटते. त्याऐवजी त्या जागेवर प्रथम जाडी रेती, तिच्यावर खडी आणि तिच्यावर दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी निघून जाईल आणि माती जागच्या जागी राहील. भोवती रेतीच्या पोत्यांचे कडे उभारून त्यात पाणी साचू दिले असता पाझराचा जोर कमी होतो. तहसील कचेरीस व संबंधित खात्यास तात्काळ कळवावे आणि पाळीखालच्या वस्तीला सावध करावे. तळ्यातील पाणी उतरवावयाचे ते बेताबेताने. एकाएकी उतरविल्यास पाण्याने जड झालेला आतील उतार आधार सुटून कोसळतो.

सलंगेवरची ताटी

जास्तीचे पाणी सुखरूप बाहेर जाण्याचा मार्ग म्हणजे सलंग किंवा सांडवा. पाळीइतकेच महत्त्व तिला आहे. मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागले तर काही घटकांतच खांड पडते. ती वेळ येऊ न देणे हेच सलंगेचे काम.

तरीही सलंगेवर मातीचा किंवा पोत्यांचा बांध घालून ‘चार बोटे अधिक पाणी’ साठविण्याचा मोह अनेक गावांना होतो. ह्याचा हिशेब एकदा नीट समजावून घ्यावा. सलंगेवरून ६० सेंटिमीटर खोल पाणी वाहण्याची सोय असेल आणि आपण ३० सेंटिमीटरचा बांध घातला, तर पाणी वाहण्याची खोली निम्मी होते. वाहून जाणारे पाणी मात्र निम्मे राहत नाही. ते जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येते. बाकीचे पाणी रात्रीच्या अंधारात पाळीचा माथा गाठते.

दुसरा प्रश्न मासळीचा. ढिवर बांधवांचे बीज पुराबरोबर निसटून जाऊ नये म्हणून सलंगेवर बांबूची ताटी किंवा जाळे लावतात. वर्षाचा ठेका आणि बीजाचा खर्च डोक्यावर असलेल्या माणसाला ‘ताटी काढा’ असे सांगणे सोपे आहे. त्याचे नुकसान भरून कोण देणार? म्हणून हा विषय पावसाळ्यापूर्वीच ग्रामसभेत मिटवावा. ताटी उभी न लावता तिरपी लावावी आणि तिच्या कामट्यांत पुरेसे अंतर ठेवावे, म्हणजे पालापाचोळा व जलपर्णी अडकून तिची भिंत होणार नाही. बारीक जाळे सलंगेवर मुळीच लावू नये. मुसळधार पावसाच्या रात्री एक ढिवर व एक शेतकरी अशी जोडी सलंगेवर राखणीस असावी आणि वेळ आलीच तर ताटी उपटून टाकण्याचा अधिकार त्या दोघांना आधीच दिलेला असावा. भर पावसात मध्यरात्री पंच गोळा करून निर्णय होत नसतो.

पाणी सोडण्याच्या तुडुमाविषयी थोडेच सांगावयाचे आहे. तुडुम गळत असेल तर कार्तिकानंतर तळे गुपचूप रिकामे होते. बुचे व झडपा वैशाखातच दुरुस्त कराव्यात आणि पाणी सोडण्याचे काम पूर्वीप्रमाणे एकाच पाणकराच्या हाती ठेवावे.

येवा आणि गावाचे सांडपाणी

पाळ भक्कम आणि तळे कोरडे, असेही दृश्य आता दिसते. नवा रस्ता झाला, त्याखाली मोरी घातली गेली नाही, आणि तळ्याचा येवा भलतीकडे वळला. अशा ठिकाणी तळ्याच्या दुरुस्तीचा अर्ज करण्याऐवजी मोरीचा अर्ज करावा.

येव्याबरोबर गाळ येतोच. तो अडविण्याची खरी जागा वरच्या नाल्यात आहे. दगडी बांध, गवताचे पट्टे आणि तळ्याच्या तोंडाशी वर्षाआड उपसता येईल असा गाळखड्डा, ह्या साध्या गोष्टी होत. गावची गटारे मात्र थेट तळ्यात सोडू नयेत. सांडपाण्यातील खताने जलपर्णी माजते. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती अनुकूल पाण्यात सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचे बी चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहते. ती फुलावर येण्यापूर्वी काढावी आणि पाण्यापासून दूर, उंचावर ढीग करून कुजवावी. काठावरच टाकलेली जलपर्णी पहिल्या पुराबरोबर परत तळ्यात येते.

काठावर माजणाऱ्या बेशरमाला त्याचे नाव उगाच पडलेले नाही. तोडलेल्या प्रत्येक कांडीला मुळे फुटतात. ते उन्हाळ्यात मुळासकट उपटावे आणि वाळवून जाळावे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील काही तळ्यांत ढिवरांच्या सहकारी संस्थांनी बेशरम काढून, तळ्याचे पोट नांगरून, तेथे देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. हे काम जाऊन पाहण्यासारखे आहे. पाण्यातील प्रत्येक वनस्पती म्हणजे तण नव्हे. कमळ, कुमुद, देवधान आणि पाण्याखालचे शेवाळ ह्यांच्या आसऱ्याने मरळ, शिंगी, मांगूर वाढतात आणि सारसासारखे पक्षी चरतात. १९५९ साली देशात आणलेला गवत्या मासा ही सारी हिरवळ फस्त करतो. वजन लवकर भरते म्हणून तो सोडण्यापूर्वी संस्थेने देशी मासळीचे काय होईल ह्याचा विचार करावा.

गाळाचा हिशेब

१० हेक्टर पाणपसाऱ्याच्या तळ्यात सरासरी १५ सेंटिमीटर गाळ साचला, तर १५,००० घनमीटर पाण्याची जागा गेली. एवढ्या पाण्यात २० हेक्टर धानाला साडेसात सेंटिमीटरची एक पाळी बसते. आश्विनातील त्या एका पाळीची किंमत ज्याचे धान वाळले आहे त्याला विचारावी.

महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. रोजगार हमीच्या कामांतही तळ्यांची दुरुस्ती बसते. आता यंत्रे मिळू लागल्याने काम झपाट्याने होते, आणि चुकाही तितक्याच झपाट्याने होतात. गाळ आणि मूळ जमीन ह्यांतील फरक खोदताना ओळखावा. काळा, मऊ थर संपून मुरूम लागला की थांबावे. मुरमात खोल खड्डा पाडला तर पाणी जमिनीत जिरून जाते. पाळीच्या आतील पायथ्यालगत खोदू नये. पाळीचा पाय उघडा पडतो. काठही उभे कापू नयेत. हळूहळू उतरत जाणाऱ्या उथळ काठावरच पाणवनस्पती उगवतात, गुरे पाण्यापर्यंत पोहोचतात आणि पोरे बुडत नाहीत.

गाळ कोणत्या शेतात टाकावा? मोरंड व त्याहून हलक्या, रेताड जमिनीला तो फार मानवतो, ओल टिकते. मुळातच भारी असलेल्या कन्हार जमिनीत त्याचा विशेष लाभ नाही. आधी माती परीक्षण करून घ्यावे. गावाचे किंवा कारखान्याचे सांडपाणी येणाऱ्या तळ्याच्या बाबतीत तर ते केल्यावाचून गाळ उचलूच नये. शेतात गाळ पातळ पसरून उन्हात तापू द्यावा व मगच नांगरटीने मिसळावा.

तळ्याच्या पोटातील अतिक्रमण हा नाजूक विषय आहे. तळी ही सार्वजनिक मालमत्ता असून ती राखली गेलीच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्पष्ट केले आहे. गडचिरोलीसारख्या अनुसूचित क्षेत्रात लहान जलाशयांचे व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद १९९६ च्या पेसा कायद्यात आहे. गाळाचे काम निघण्यापूर्वी भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घेऊन हद्दीचे दगड रोवावेत. काम चालू असताना निघालेला तंटा मिटेपर्यंत पावसाळा उजाडतो.

गाळ उपसताना सबंध तळे कोरडे करू नये. सर्वांत खोल भागातील डोह पाण्यासह राखून ठेवावा आणि यंत्रे त्याच्यापासून दूर ठेवावीत. गुरांना वैशाखात प्यावयास पाणी मिळते, आणि देशी मासळीची जी थोडी बीजजोडी उरलेली असते ती त्याच डोहात तग धरून राहते. डोहाभोवती चार बांबू रोवून त्यांवर फडके बांधले, म्हणजे यंत्र चालविणाऱ्यास हद्द दुरूनच दिसते.